१८३४ सालचे तीन फ्रिज

गाडीत ठेवायला एक थंड डबा घ्यावा असं मनात आलं, की माणूस नेटवर शोधायला बसतो आणि अर्ध्या तासात त्याचं डोकं गरम होतं. लिटर, वॉट, अँपिअर, 'इन्स्टंट कूलिंग', आणि एकाच आकाराच्या दोन डब्यांच्या किमतीत पाच-सहापट फरक! पण नीट पाहिलं तर माल फक्त तीन प्रकारचा असतो. एक, साधा खोका. बर्फ आपण टाकायचा. दोन, सिगरेट लायटरच्या सॉकेटला लावायचा हलका डबा, ज्यात फक्त एक पंखा गुणगुणतो. आणि तीन, कॉम्प्रेसरवाला जड फ्रिज, ज्याची किंमत वाचून माणूस टॅब बंद करतो.

आता गंमत बघा. या तिन्हींचा माग काढत गेलं तर तीन वेगवेगळ्या रस्त्यांनी आपण एकाच सालात पोचतो: १८३४. त्या वर्षी अमेरिकेतला बर्फ मुंबई बंदरात उतरला, पॅरिसमध्ये पेल्टिएला विजेने थंडी पैदा होताना दिसली आणि लंडनमध्ये पर्किन्सने कॉम्प्रेसरच्या फ्रिजचं पेटंट घेतलं. तिघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. हा निव्वळ योगायोग आहे, त्यात मी काही गूढ शोधत नाहीये. पण त्या वेळी ज्याचं जे दुखणं होतं, तेच आज तुमच्या डिकीतल्या डब्याचंही आहे. म्हणून खरेदीआधी थोडा इतिहास.

पहिला: बर्फ

आपल्याकडे थंडीची हौस त्याआधीही होतीच. अबुल फझलच्या ऐन-ए-अकबरीत शोऱ्याने पाणी गार करण्याची रीत दिली आहे. शोरा पाण्यात विरघळताना उष्णता ओढून घेतो, त्या पाण्यात सुरई फिरवत राहायचं. अकबराचा मुक्काम लाहोरला असताना उत्तरेच्या डोंगरांतून बर्फही येत असे. पुढे अलाहाबादकडे हिवाळ्याच्या रात्री उघड्यावर मातीच्या उथळ थाळ्यांत पाणी ठेवून पहाटे बर्फाच्या पापड्या गोळा करत. सर रॉबर्ट बार्करने १७७५ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात ही पद्धत लिहून ठेवली आहे. पण हे सगळं थोडक्यात, हंगामी आणि बादशहा-साहेबांपुरतं.

बर्फ हा 'माल' आहे, तो जहाजात भरून विकता येतो, हे बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरचं डोकं. १८०६ साली त्याने कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर बर्फाचं पहिलं जहाज नेलं. लोक हसले, धंदा बुडाला, पुढे कर्जापायी तुरुंगही पाहून आला. पण गडी हटला नाही. तळ्यातल्या बर्फाच्या सारख्या आकाराच्या लाद्या कापण्यासाठी नॅथानिएल वायथने १८२५ साली घोड्याने ओढायचा नांगर बनवला आणि धंद्याचं गणित जमलं. मे १८३३ मध्ये 'टस्कनी' नावाचं जहाज १८० टन बर्फ घेऊन बॉस्टनहून निघालं. विषुववृत्त दोनदा ओलांडून, आफ्रिकेला वळसा घालून, चार महिन्यांनी सप्टेंबरात कलकत्त्याला पोचलं. बर्फ उरला होता सुमारे १०० टन.

पुढच्या वर्षी मुंबईची पाळी. इथे हा बर्फ जहांगीर नसरवानजी वाडिया यांच्या पेढीने आणला. जमशेटजी जीजीभॉय (तेव्हा अजून 'सर' झाले नव्हते) यांनी आपल्याकडच्या जेवणावळीत आइस्क्रीम वाढलं, आणि मग यजमान आणि पाहुणे दोघांनाही सर्दी झाल्याची बातमी 'मुंबई समाचार'ने दिली, असा किस्सा सांगितला जातो. मुंबईच्या लहान मुलांना आयांनी दिलेल्या पहिल्या ताकिदीचा उगम बहुधा इथेच असावा! पुढे कलकत्ता, मद्रास आणि मुंबई, तिन्हीकडे बर्फघरं झाली. मुंबईचं कोटात सेंट अँड्र्यूज चर्चजवळ होतं, ते आता नाही. मद्रासचं मात्र अजून उभं आहे. १८९७ साली स्वामी विवेकानंद तिथे राहिले होते, म्हणून आज ते विवेकानंद इल्लम.

आता इंजिनिअरच्या चष्म्यातून बघू. १८० टनांतले ८० टन वितळले, तेही चार महिन्यांत आणि उष्ण कटिबंधातून. म्हणजे दिवसाला मूळ वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा नाही. जहाजाला फोम नव्हता, थर्माकोल नव्हतं. होता लाकडाचा भुसा आणि गवत. आणि आपण आणलेली पाच किलोची लादी चांगल्या खोक्यातही दोन दिवसांत पाणी होते. असं का?

उत्तर भुशात कमी आणि भूमितीत जास्त आहे. उष्णता आत शिरते पृष्ठभागातून, आणि तिला झुंजावं लागतं सगळ्या वजनाशी. १८० टनांचा ठोकळा केला तर त्याची बाजू जवळजवळ ५.८ मीटर येते. पाच किलोच्या ठोकळ्याची बाजू साडेसतरा सेंटिमीटर. दर किलोमागे उघडा पडणारा पृष्ठभाग आपल्या लादीचा तेहेतीस पट जास्त! आणि तीच लादी फोडून चुरा केला तर विचारूच नका. म्हणून बर्फाच्या डब्याचा पहिला नियम: चुरा नको, क्यूब नको, जमेल तेवढा मोठा अखंड तुकडा घ्या. लादी मिळाली नाही तर दोन लिटरच्या बाटल्या घरून गोठवून न्या.

दुसरा हिशोब. एक किलो बर्फ शून्य अंशावर वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता पितो. आपल्या भाषेत सुमारे ९३ वॉट-तास. पाच किलोची लादी म्हणजे ४६५ वॉट-तासांची थंडी! हीच थंडी गाडीच्या बॅटरीवर कॉम्प्रेसर चालवून मिळवायची, तर एका साध्या ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतली निम्मी वीज सहज जाईल. ज्याला आपण 'साधा खोका' म्हणतो, त्यात एवढी ताकद भरलेली असते. फक्त ती थंडी दुसरीकडे कोणीतरी आधीच करून ठेवलेली असते. ट्यूडरच्या वेळी मॅसॅच्युसेट्सच्या हिवाळ्याने, आज एमआयडीसीतल्या बर्फाच्या कारखान्याने.

हातात उचलून न्यायचा खोका मात्र पुष्कळ उशिरा आला. घराघरांत मोटारी आणि सुट्टीत भटकायची चैन आल्यावरच त्याची गरज पडली. ह्यूस्टनच्या इग्लू कंपनीने १९४७ पासून तेलविहिरींवरच्या कामगारांसाठी पाणी गार ठेवायची पत्र्याची पिंपं बनवली. इलिनॉयच्या रिचर्ड लॅरॅमीने १९५१ मध्ये उचलून न्यायच्या बर्फपेटीच्या पेटंटसाठी अर्ज केला, ते १९५३ मध्ये मिळालं. कोलमन कंपनीने १९५४ मध्ये पत्र्याचे कूलर बाजारात आणले, मग प्लास्टिक आलं. २००६ मध्ये सुरू झालेल्या येतीने जाड भिंतींचे, एकसंध ओतीव खोके काढून त्याच वस्तूला मिरवायची चीज केली. आत अजूनही तोच ट्यूडरचा बर्फ.

आपल्याकडे हे शास्त्र ज्यांना पाठ आहे ते लोक कॅम्पिंगला जात नाहीत. पहाटे ससून डॉकवर जाऊन बघा. थर्माकोलचे खोके, एक थर मासळी, एक थर बर्फ, वर झाकण आणि त्यावर ओलं गोणपाट. (इथे मात्र चुराच लागतो, कारण मासळी झटपट गार करायची असते आणि बर्फ तिला सगळीकडून भिडायला हवा. टिकवायचं असेल तर लादी, चटकन गार करायचं असेल तर चुरा.) आणि गावोगाव लादीवाला अजूनही बर्फ भुशात आणि गोणपाटातच गुंडाळतो. टस्कनीच्या खलाशाला ते बघून परकं वाटणार नाही.

दुसरा: पेल्टिए

ज्याँ शार्ल पेल्टिए हा पेशाने घड्याळजी. आपला धंदा सोडून तो हौसेने विज्ञानाकडे वळला. १८३४ साली त्याच्या लक्षात आलं, की दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून वीज सोडली तर एका दिशेने सांधा गरम होतो आणि विजेची दिशा उलटी केली की गार. चार वर्षांनी सेंट पीटर्सबर्गला एमिल लेंझने बिस्मथ आणि अँटिमनीच्या सांध्यावर पाण्याचा थेंब ठेवून तो गोठवून दाखवला, आणि दिशा उलटवून पुन्हा वितळवला. ना वायू, ना पंप, ना हलणारा एकही भाग. किती सुंदर!

मग पुढची शंभर वर्षं याचा फ्रिज का नाही झाला? कारण जो धातू वीज चांगली नेतो तो उष्णताही चांगली नेतो. गार बाजूची उष्णता विजेने ढकलून गरम बाजूला न्यावी, तर ती त्याच धातूतून लगेच घरी परत! गळक्या बादलीने विहीर उपसण्यातला प्रकार. सुटका केली सेमिकंडक्टरने. सोव्हिएत रशियात अब्राम योफेने हा विषय लावून धरला आणि १९५४ मध्ये इंग्लंडमध्ये गोल्डस्मिड आणि डग्लस यांनी बिस्मथ टेल्युराइड हे संयुग यासाठी किती चांगलं आहे ते दाखवलं. वीज बऱ्यापैकी नेतं, उष्णता कमी. गाडीतल्या स्वस्त डब्यात आजही बहुतेक हीच चकती असते, बिस्किटाएवढी.

पण बादलीचं भोक लहान झालं, बुजलं नाही. गरम आणि गार बाजूंत अंतर असतं मोजून काही मिलिमीटर. म्हणून हे डबे बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १५ ते २० डिग्री खाली जातात, फार पुढे नाही. पॅकवर बारीक अक्षरात 'बाहेरच्या तापमानापेक्षा' असं लिहिलेलं असतं, आणि सगळी मेख त्या शब्दांत आहे. महाबळेश्वरला २५ डिग्रीत हा डबा उत्तम चालेल. चंद्रपूरला मे महिन्यात ४५ डिग्रीत आतलं तापमान पंचविशीच्या आसपास असेल. पंचवीस डिग्रीला दूध टिकत नाही. आणि उन्हात बंद उभ्या गाडीत तर ६० डिग्रीही होतात, तिथे कसलं काय!

शिवाय खादाडपणा. बहुतेकांना थर्मोस्टॅट नसतो, त्यामुळे ५० वॉट सतत, म्हणजे चार अँपिअरच्या वर. इंजिन बंद असेल तर चार-पाच तासांत निम्मी बॅटरी फस्त. ज्या गाडीत चावी काढली की सॉकेट मरतं, तिथे बॅटरी वाचते पण आतलं सामान भराभर तापतं, कारण बंद पडल्यावर तीच चकती बाहेरच्या उष्णतेला आत यायला पूल होते.

तिसरा: कॉम्प्रेसर

जेकब पर्किन्स मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूबरीपोर्टचा. बॉस्टनपासून फार लांब नाही. म्हणजे बर्फ विकणारा आणि बर्फ करणारं यंत्र काढणारा हे दोघे शेजारगावचे म्हणायला हरकत नाही. पर्किन्स मूळचा कोरीवकाम करणारा, नोटांच्या छपाईतला तज्ज्ञ. लंडनला जाऊन स्थायिक झाला. जगातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट, १८४० चं 'पेनी ब्लॅक', त्याच्याच कंपनीने छापलं. तर या गृहस्थाने ऑगस्ट १८३४ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, एक पेटंट घेतलं: ईथरची वाफ होऊ द्या, ती वाफ होताना आजूबाजूची उष्णता खेचेल, मग ती वाफ पंपाने दाबा, बाहेर थंड करून पुन्हा द्रव करा आणि परत आत सोडा. गोल गोल. तुमच्या स्वयंपाकघरातला फ्रिज आत्ता या क्षणी हेच करतोय.

जॉन हेग नावाच्या कारागिराने ते यंत्र बनवलं, आणि ते चाललंही. विकलं मात्र गेलं नाही. ईथर पेट घेणारा, सांधे गळके, आणि तळ्यातला बर्फ कापून आणणं त्याहून कितीतरी स्वस्त. ट्यूडरपुढे पर्किन्स हरला. पुढे १८५० च्या दशकात ऑस्ट्रेलियात जेम्स हॅरिसनने अशी यंत्रं चालवून दाखवली. ऑस्ट्रेलियाला बॉस्टन फारच लांब होतं, त्यामुळे तिथे हे यंत्र परवडलं. १८७० नंतर कलकत्त्यातही यंत्राचा बर्फ होऊ लागला आणि काही वर्षांत अमेरिकन बर्फाची जहाजं येईनाशी झाली. पर्किन्स जिंकला, पण तो १८४९ सालीच गेला होता.

घरगुती फ्रिज जमला तो सगळं यंत्र, मोटरसकट, एका पोलादी डब्यात सीलबंद केल्यावर. जनरल इलेक्ट्रिकचा १९२७ चा 'मॉनिटर टॉप' हा त्यातला गाजलेला. भारतात गोदरेजचा पहिला फ्रिज आला १९५८ मध्ये. मग हाच फ्रिज छोटा करून गाडीत का नाही ठेवला? इथे एक मजेशीर अडचण होती. घरात एसी वीज असते आणि एसी मोटरला ब्रश लागत नाहीत. गाडीत १२ व्होल्टची डीसी, आणि साध्या डीसी मोटरला ब्रश लागतात. ते घासतात, ठिणग्या उडवतात, झिजतात. सीलबंद डब्यात झिजलेले ब्रश बदलणार कोण?

यावर दोन उत्तरं निघाली. जपानच्या सावाफुजी कंपनीने 'स्विंग मोटर' काढली. यात गोल फिरणारं काही नाहीच, पिस्टन लोहचुंबकाने मागेपुढे झुलतो. एंजेल नावाने विकले जाणारे हे फ्रिज ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात फिरणाऱ्यांचे लाडके झाले. दुसरं उत्तर इलेक्ट्रॉनिक्सचं. बॅटरीच्या डीसीपासून ब्रश नसलेली मोटर फिरवणारं एक सर्किट डब्याच्या बाहेर बसवायचं. डॅनफॉसच्या छोट्या कॉम्प्रेसरांनी हा मार्ग रूढ केला आणि आज बहुतेक गाडीफ्रिज याच वाटेने चालतात.

कॉम्प्रेसरची वीज नीट समजून घ्या. ४० लिटरचा फ्रिज चालू असताना साधारण ४५ वॉट घेतो, पण सतत चालत नाही. गार झाला की थांबतो. भर उन्हाळ्यात निम्मा वेळ चालला असं धरा, तर सरासरी २०-२२ वॉट. पेल्टिएच्या निम्म्याहून कमी, आणि आत हवं तर शून्याखाली! निम्मी बॅटरी साधारण बारा तास पुरते, म्हणजे एक रात्र निघते. बॅटरी उतरायला लागली की स्वतःहून बंद होण्याची सोय बहुतेकांत असते. तिचं सेटिंग 'हाय'वर ठेवा, नाहीतर सकाळी थंड पाणी पीत गाडी ढकलावी लागेल.

(एक चौथा प्रकारही आहे, आगीवर चालणारा. १९२२ मध्ये स्टॉकहोमच्या फॉन प्लाटेन आणि मुन्टर्स या दोन विद्यार्थ्यांनी काढला, १९२५ मध्ये इलेक्ट्रोलक्सने घेतला. गॅसवर चालतो, आवाज नाही. पण सपाट जमीन हवी, आणि बंद गाडीत गॅस जाळणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण. युरोपातल्या कॅरव्हॅनमध्ये ठीक, आपल्या एसयूव्हीच्या डिकीत अजिबात नको.)

मग घ्यायचा कुठला?

आमच्या ग्रुपची चंद्रपूरकडे मे महिन्यातली चार दिवसांची ट्रिप आहे. मुक्काम एका मित्राच्या शेतावर, तंबूत. सुरुवातीला प्रश्न फक्त ताक आणि कोल्ड्रिंकचा होता. मग कळलं, की एका मित्राची आईही येणार आहे आणि ती इन्सुलिन घेते. इन्सुलिनच्या न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ डिग्रीत ठेवायच्या असतात, आणि एकदा गोठलं की ते टाकूनच द्यावं लागतं, पुन्हा वितळवून चालत नाही. चर्चेचा नूरच बदलला.

आता तिन्ही डबे या एका बाटलीसमोर उभे करा. पेल्टिए २५ डिग्रीला हात टेकतो, बाद. बर्फाचा खोका थंडी भरपूर देतो पण लगाम नाही. डीप फ्रीजरमधून नुकत्याच काढलेल्या लादीला बाटली टेकली तर गोठणार, आणि तिसऱ्या दिवशी बर्फ संपला की तापणार. कॉम्प्रेसरला मात्र ५ डिग्री सांगितलं की तो त्याच्या आसपास राहतो. तरीही बाटली टॉवेलात गुंडाळून डब्यात, भिंतीपासून दूर, आणि शेजारी एक वेगळा थर्मामीटर. पडद्यावरच्या आकड्यावर आंधळा विश्वास नको. वापरात असलेल्या बाटलीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारून ठेवायचं.

आमचं ठरलं ते असं: कॉम्प्रेसरवाला फ्रिज भाड्याने, त्यात औषध, दूध, पनीर. तो दिवसातून चार-पाच वेळाच उघडायचा. पाणी, ताक, कोल्ड्रिंकसाठी वेगळा थर्माकोलचा खोका आणि त्यात बर्फाची लादी, कारण हा डबा पोरं दर दहा मिनिटांनी उघडणार हे नक्की. खोका आदल्या रात्री गार करून ठेवायचा, सामान घरूनच गार करून भरायचं, वरून घोंगडी, आणि उन्हाच्या बाजूला ठेवायचा नाही. कोणी सुका बर्फ सुचवला तर नम्रपणे नाही म्हणायचं. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड बंद गाडीत जीवघेणा ठरू शकतो. आणि पिण्याच्या पाण्यासाठी माठ आहेच, विदर्भाच्या कोरड्या हवेत तो जेवढं काम करतो तेवढं मुंबईच्या घामट हवेत करत नाही.

तुमची ट्रिप दोन दिवसांची, थंड हवेची असेल तर यातला निम्मा पसारा लागणार नाही. लोणावळ्याला जाणाऱ्याने कॉम्प्रेसरवर पैसे घालवू नयेत. पण दुकानात गेलात की 'किती लिटर?' हा प्रश्न दुसरा विचारा. पहिला प्रश्न असा: आतली उष्णता हा डबा बाहेर कशी टाकतो, आणि बाहेर ४५ डिग्री असताना किती टाकतो? उत्तर आलं नाही तर झाकण उघडून बघा. आत नुसती पोकळी असेल तर तो ट्यूडर, पंखा आणि जाळी असेल तर पेल्टिए, आणि उचलताना कंबर बोलली तर पर्किन्स.